भूल देणाऱ्याची दाढ

डॉ. भोईटे खुर्चीतून उठले आणि सरळ बाहेर चालते झाले. गळ्यात निळं बिब तसंच होतं. बिब म्हणजे दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या छातीवर अडकवतो तो कागदी रुमाल. मी एका हातात छोटा आरसा आणि दुसऱ्या हातात दात तपासायची बारीक सळई घेऊन उभी. माझी असिस्टंट सुशीलाजी दाराकडे बघत राहिली. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"मॅडम, आपने कुछ किया क्या?"

"मुँह खोलने को भी नहीं कहा था," मी म्हणाले.

मी फक्त एक वाक्य बोलले होते. "भोईटेसर, काही करत नाही, फक्त बघते." हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा बोलते. जयपूरला दुर्गापुऱ्यात माझा दवाखाना आहे, त्याला तेवीस वर्षं झाली. म्हणजे किती वेळा बोलले असेन ते तुम्हीच बघा. आजवर त्यावर कोणी पळालं नव्हतं.

भोईटे हे काही साधे पेशंट नव्हेत. टोंक रोडवरच्या एका हॉस्पिटलमध्ये ते अॅनेस्थेटिस्ट आहेत, म्हणजे ऑपरेशनच्या आधी भूल देणारे डॉक्टर. मूळचे फलटणकडचे, मी कोल्हापूरची. परक्या गावात तेवढं नातं पुरतं. दोन वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा भूल त्यांनीच दिली होती. दाताचे डॉक्टर इतरांना धीर देण्यात पटाईत, स्वतः टेबलावर आडवे झाले की त्यांनाही धीर लागतो. मलाही लागला. भोईटे माझ्या डोक्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, घरचा रस्ता सांगा. हॉस्पिटलच्या गेटपासून."

ती त्यांची पद्धत. आकडे मोजायला लावत नाहीत, रस्ता विचारतात. "गेटमधून बाहेर पडायचं, टोंक रोडला लागायचं," एवढं मी बोलले. पुढचं आठवत नाही. हॉस्पिटलात सगळे गमतीनं सांगतात की सरांचा लांबच्या चाकसूचा पेशंट आजवर वाटेतल्या सांगानेरच्या पुढे गेलेला नाही. म्हणजे हा माणूस रोज पाच-सहा घाबरलेल्या लोकांना अर्ध्या रस्त्यात शांत झोपवतो. तो घाबरू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

चूक तिथेच झाली. तीन अपॉइंटमेंट त्यांनी रद्द केल्या होत्या, तिन्ही वेळा "इमर्जन्सी केस आली." मी विश्वास ठेवला. चौथ्यांदा आले ते वेटिंग रूममध्ये दाराजवळच्या खुर्चीवर बसले. आत आल्यावर दहा मिनिटं माझ्या ऑटोक्लेव्हबद्दल विचारत राहिले. ऑटोक्लेव्ह म्हणजे हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं मशीन. आणि गाडीची किल्ली हातातून सोडली नाही. खुर्चीत आडवे झाल्यावरही नाही. दुसरा कोणी असता तर यातल्या एकाच गोष्टीवर मी सावध झाले असते. भीती काही "मला भीती वाटते" असं म्हणत येत नाही. पुरुषमाणसाची तर कामाच्या घाईचं सोंग घेऊनच येते. पण समोर डॉक्टर आहे म्हटल्यावर मी मनात म्हणाले, यांना काय समजावायचं, हेच दुसऱ्यांना समजावतात. दिव्याखाली अंधार, आणि तो माझ्याही दिव्याखाली.

एक काम मात्र झालं होतं. खुर्चीत बसण्याआधी त्यांचा ओपीजी काढला होता. हा पूर्ण जबड्याचा एक्स-रे. माणूस उभा राहतो, मशीन डोक्याभोवती फिरतं, तोंडात काही घालावं लागत नाही. उजवीकडची खालची अक्कलदाढ आडवीतिडवी, पुढच्या दाढेच्या आडोशाला अर्धवट वर आलेली. तिच्याभोवती काळी सावली. ती सावली म्हणजे पू. दुखणं आजचं नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्यांच्या पत्नीचा, अलकाताईंचा फोन आला.

"शुभांगीताई, तुमच्याकडे काय झालं? हे लाळेरं लावून घरी आलेत."

मी सांगितलं.

"मला वाटलंच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. अहो, चार महिने अंगावर काढतायत. स्वतःच गोळ्या लिहायच्या, स्वतःच घ्यायच्या. पाच दिवस बरं वाटतं, मग परत गाल सुजतो, परत गोळ्या. मी म्हटलं दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, तर म्हणतात मी डॉक्टर नाही का?"

हे फक्त डॉक्टरच करू शकतो. बाकीच्यांना निदान दुकानदार तरी विचारतो, चिठ्ठी कुठाय.

"आणि आता एक नवीनच खूळ," अलकाताई म्हणाल्या. "रोज सकाळी आरशासमोर उभे राहतात आणि तोंडात बोटं घालतात. अशी उभी, एकावर एक. आधी तीन घालायचे. आता दोनच घालतात. विचारलं तर म्हणतात काही नाही."

त्या सहज बोलून गेल्या. मी मात्र खुर्चीवर बसले.

ही बोटं म्हणजे काय ते सांगते. भूल देणारा डॉक्टर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला तोंड उघडायला लावतो आणि तीन बोटं मावतात का बघतो. कारण माणूस बेशुद्ध झाला की त्याच्या श्वासासाठी घशातून नळी घालावी लागते. तोंड उघडलं नाही तर नळी कुठून घालणार? दाढेचा पू जबड्याच्या स्नायूंपर्यंत गेला की स्नायू आखडतात आणि तोंड उघडेनासं होतं. तोच पू जिभेखाली आणि गळ्यात उतरला तर श्वासाची वाटच बंद होते. तेव्हा नळी घालावी लागते, आणि तेव्हाच ती जात नाही. हा माणूस रोज सकाळी आरशात आपला श्वास किती उरलाय ते मोजत होता. त्याच्याइतकं ते कोणालाच कळत नव्हतं. तरी तो येत नव्हता. मला त्या वेळी त्याचा राग आला, आणि स्वतःचाही.

मी भोईट्यांना फोन लावला.

"सर, बोटं किती जातायत?"

"अलकानं सांगितलं?"

"ते सोडा. किती?"

"दोन. मागच्या आठवड्यात तीन होती."

"जिभेखाली सूज? गिळताना त्रास? ताप?"

"नाही. तिन्ही नाही. तीन वेळा तपासलंय."

"मग पुढच्या आठवड्याची वाट बघायची का?"

"मॅडम, मला जीए द्या." जीए म्हणजे पूर्ण भूल. "मी ऑपरेशन थिएटर बुक करतो. तुम्ही या, मी झोपलेला असताना काढा. मला काही कळायला नको."

"झोपवणार कोण?"

"माझे कलीग आहेत की."

"बरं. तुमच्याकडे असा पेशंट आला. जबडा दोन बोटं, आत पू. तुम्ही कसं झोपवाल?"

घाईत उत्तर मीच देऊन टाकायची सवय आहे मला, ती आवरली.

"जागेपणी," ते शेवटी म्हणाले. "नाकातून नळी घालून. कॅमेऱ्यावर बघत."

"म्हणजे नाकातून घशात जाणारी नळी चालेल, वीतभर, जागेपणी. पण माझी सुई नको."

"सुईची नाही हो भीती."

"मग कशाची?"

"उद्या येतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी मेसेजनं सकाळी आठची वेळ दिली होती, दवाखाना उघडायच्या आधीची. सुशीलाजी चाकसूहून बसनं येते. ती साडेसातला वर आली आणि म्हणाली, "सर नीचे गाड़ी में बैठे हैं। मेमसाब भी हैं।" मी वरून पाहिलं. गाडी बंद, काचा बंद. बोलवायला गेले नाही. आठला पाच कमी असताना ते आपणहून वर आले. उजव्या मुठीत किल्ली.

मी त्यांना खुर्चीकडे नेलंच नाही. वेटिंग रूममध्ये समोरासमोर बसलो. आधी जिभेखाली आणि गळ्याला बाहेरून हात लावून तपासलं, सगळं मऊ होतं. कडक लागलं असतं तर त्याच मिनिटाला हॉस्पिटलला पाठवलं असतं, मग भीतीबिती काही ऐकली नसती. मग म्हणाले, "सर, आज मी बघणार नाही. आज मी दाढ काढणार आहे. आधी सुई, मग पाच मिनिटं थांबणार, मग दाढ. जे करणार ते आधी सांगणार. जे सांगितलं नाही ते करणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काल तुम्ही म्हणालात, फक्त बघते."

"हो. म्हणाले."

"मी नऊ वर्षांचा होतो. वडिलांनी, आबांनी, दाताच्या डॉक्टरकडे नेलं होतं. तो डॉक्टर म्हणाला, आ कर बाळ, फक्त बघतो. आणि आबांनी माझे दोन्ही हात धरले. बघायला कशाला हात धरायला लागतात? सुई नाही, काही नाही, सरळ दात उपटला. दुखलं किती ते आता आठवत नाही, मॅडम. आबांचे हात आठवतात."

अलकाताई त्यांच्याकडे बघत होत्या. "अठ्ठावीस वर्षांत हे मला कधी सांगितलं नाही तुम्ही."

"सांगण्यासारखं काय आहे त्यात," ते म्हणाले. डोळे पुसले नाहीत, पण पुसायला हवे होते.

मला वाईट वाटलं. मग कामाला लागले, कारण वाईट वाटून जबडा उघडत नाही.

पहिली गोष्ट, हात कोणी धरणार नाही. डावा हात त्यांच्या मालकीचा. तो वर झाला की मी थांबणार, काही न विचारता. दुसरी गोष्ट, ऑक्सिमीटर. बोटाला लावायचा चिमटा, नाडी आणि ऑक्सिजन दाखवतो आणि प्रत्येक ठोक्याला टुक टुक वाजतो. एरवी मी त्याचा आवाज बंद ठेवते, पेशंट त्यानं जास्तच घाबरतात. भोईट्यांसाठी मुद्दाम चालू केला. आयुष्यभर ज्या आवाजात काम केलं तो आवाज. खुर्चीत बसल्यावर त्यांनी मान वळवून आकडा पाहिला. नाडी एकशे चोवीस.

"हा पेशंट मी कॅन्सल केला असता," ते म्हणाले.

"मी नाही करणार."

झोपेची गोळी द्यायचा प्रश्न नव्हता. गळ्याजवळ सूज असताना पेशंटला गुंगीत ठेवायचं नसतं, हे मी सांगायच्या आधी त्यांनीच सांगितलं.

आता सुई. खालच्या जबड्याची सुई एरवी तोंड मोठं उघडून द्यावी लागते. पण आखडलेल्या जबड्यासाठी एक वेगळी पद्धत आहे, त्यात पेशंट दात मिटून बसतो आणि सुई गालाच्या आतून, वरच्या दाढांच्या कडेनं मागे जाते. हे ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा डॉक्टर दिसला. "नसेचा ब्लॉक बंद तोंडानं? म्हणजे स्नायूंची नसही बधिर होणार. जबडा सुटेल."

"सुटायला हवा."

मी सुई समोरून दाखवली. आम्हाला कॉलेजात शिकवतात की सुई पेशंटला दिसू देऊ नये, असिस्टंटनं खालून हातात द्यावी. नव्वद टक्के लोकांना ते बरंही पडतं. याला लपवलेलं नको होतं. "आता गाल बाजूला घेते," मी म्हणाले. गाल बाजूला घेतला. त्यांनी डावा हात वर केला. मी थांबले, हात काढून घेतला. दुखायचं काहीच कारण नव्हतं. त्यांनी हात खाली घेतला. मी परत सांगितलं, परत गाल धरला. परत हात वर. मी परत थांबले. सुशीलाजी माझ्याकडे बघायला लागली. मी तिला मानेनं नको म्हटलं. ते मला तपासत होते. नऊ वर्षांच्या मुलाला चाळीसबेचाळीस वर्षांनी कोणी थांबतंय का, ते बघायचं होतं. बघू दे.

तिसऱ्यांदा हात खालीच राहिला. मी सुई दिली, सावकाश, दीड मिनिट. ऑक्सिमीटर भराभर वाजत होता. मग सुई समोर धरून दाखवली आणि ट्रेमध्ये ठेवली. "झालं. आता पाच मिनिटं काही नाही."

सात मिनिटांनी ओठ जड झाला. आणखी थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच उजव्या हातातली किल्ली डाव्या हातात घेतली, ग्लोव्ह मागितला आणि तोंडात बोटं घातली. दोन सहज गेली. तिसरं दाबून, पण गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही म्हणाले नाही, मलाही बरं वाटलं होतं.

पण आता खरं काम होतं. दाढ काढताना दुखत नाही, पण दाब कळतो, आणि हाडातून कटकट ऐकू येते. ते सांगितलं. नाडी परत एकशे अठरा. तोंडात माझे हात, त्यामुळे त्यांना बोलता येणार नाही. तेव्हा मला त्यांचीच पद्धत आठवली.

"सर, घरचा रस्ता सांगते. तुमच्या घरचा. तुम्ही ऐका."

भोईटे राहतात प्रतापनगरला. मी त्यांच्याकडे हळदीकुंकवाला दोनदा गेलेय, तेही नवऱ्यानं गाडी चालवली म्हणून. तरी सुरू केलं. "माझ्या गल्लीतून बाहेर पडायचं. टोंक रोडला लागायचं. आता हिरडी सोडवतेय, दाब वाटेल. सांगानेरकडे जायचं. बायपासचा सिग्नल, तिथं नेहमी लाल."

"ऊपर से बस वाले बीच में ही रोक देते हैं," सुशीलाजी सक्शनची नळी धरून म्हणाली. रोजची वाट तिची, तिला राहवेना.

"बसवाल्यांना शिव्या द्यायच्या. आता दाढ हलवतेय, आवाज येईल. सांगानेर आलं. डाव्या हाताला विमानतळ राहिला. पूल उतरायचा." पू आला, सुशीलाजीनं ओढून घेतला. बराच होता. "पू निघाला, सर. चांगलं झालं. आता प्रतापनगर. पाण्याची टाकी दिसली की उजवीकडे वळायचं."

डावा हात वर झाला. किल्लीसकट.

मी ताबडतोब थांबले. हत्यार बाहेर. "दुखलं?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. हातातली किल्ली डावीकडे केली. परत डावीकडे.

मला कळेना. दाराशी उभ्या अलकाताईंना कळलं. "अहो, टाकीपासून डावीकडे. उजवीकडे नाला आहे."

मी ऑक्सिमीटरकडे पाहिलं. नाडी ब्याण्णव. हा माणूस दाढ निघत असताना रस्ता चुकला म्हणून मला थांबवत होता. सुशीलाजी मास्कमध्ये हसली, तिचे खांदे हलले.

"बरं, डावीकडे," मी म्हणाले. डावीकडे वळले, आणि एका हलक्या झटक्यात दाढ निघाली. दाखवली. "निघाली, सर."

कापूस दाबून ठेवला, दोन टाके घातले. मला वाटलं संपलं. त्यांनी परत हात वर केला आणि बोटानं गोल फिरवून दाखवलं, पुढे.

"पुढे काय?"

"रस्ता," अलकाताई म्हणाल्या. "घर आलं नाही अजून."

मग मी सांगितला उरलेला. टाकीपासून डावीकडे, तिसरी गल्ली, हिरवं गेट, पायऱ्यांशी तुळशीची कुंडी, दार उघडं. "आलं घर," मी म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. या वेळी पुसावे लागले, ते अलकाताईंनी पुसले. त्यांच्या पेशंटांपैकी आजवर कोणी इतक्या लांब आलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

पाचव्या दिवशी सूज गेली. दहाव्या दिवशी टाके काढायला आले तेव्हा वेळेवर आले, मधल्या खुर्चीवर बसले आणि ऑटोक्लेव्हबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. "टाके काढते," मी म्हणाले, आणि काढले. तीन बोटं आरामात गेली. "दुसऱ्या बाजूचीही तशीच आहे," मी म्हणाले, "पुढच्या महिन्यात." "या," ते म्हणाले, म्हणजे पेशंटला निरोप देताना मी म्हणते ते त्यांनीच म्हटलं, आणि निघून गेले.

तेव्हापासून मी दोन गोष्टी बदलल्या. "फक्त बघते" म्हणणं सोडलं. बघणार असले तर बघते म्हणते, काढणार असले तर काढते म्हणते. आणि पेशंट डॉक्टर असला तर त्याला काहीच ठाऊक नाही असं धरून सगळं सांगते. थोडे रागावतात, बहुतेकांना बरं वाटतं. घाबरलाय का ते मी हल्ली विचारत नाही, किल्ली कुठे आहे ते बघते.

टाके काढले त्या दिवशी भोईटे जिना उतरून गेले आणि पाच मिनिटांत परत वर आले. गाडीची किल्ली माझ्या ट्रेमध्ये राहिली होती.